लालासाबची न गळणारी पन्हळ

शनिवार पेठेत लालासाब पत्रेवाल्याकडं मे महिन्यात कुणी पन्हळ सांगायला गेलं, की ते हमखास चार शब्द ऐकून परत यायचं.

“पाऊस लागला की या,” लालासाब मान वर न करता म्हणायचा.

“अवो, पण पावसाच्या आधी बसवायला नको काय? पाऊस लागल्यावर काय करायचीय?”

“तुमच्या छपरावरनं पाणी कसं उतरतंय ते मी आत्ता उन्हात तुमच्या तोंडाकडं बघून सांगू? जावा की पावणं. पावसात या, आणि येताना छत्री घेऊन या, मला न्यायला.”

आता तुम्हीच सांगा, असं बोलून कुणाचा धंदा चालेल? पण ह्याचा चालायचा. चांगला चालायचा. कारण आषाढात पाऊस कोसळायला लागला, की तीच माणसं छत्री घेऊन मुकाट्यानं दुकानापुढं उभी राहायची आणि लालासाब तिथल्या तिथं हातातली कातर ठेवून त्यांच्याबरोबर निघायचा. घरापाशी गेला की आत यायचा नाही. घरातली बाई दारातनं चहाला हाका मारून दमायची. हा गडी समोरच्या बाजूला छत्रीखाली उभा, मान वर, तोंड उघडं. कौलांच्या कुठल्या ओळीतनं पाणी जास्त येतंय, वारा कुठनं मारतोय, पागोळ्या भिंतीपासनं किती लांब पडतायत, सगळं बघून घ्यायचा. अर्धा अर्धा तास. जाणारा-येणारा विचारायचा, “काय लालासाब, काय हरवलंय वर?” त्याला उत्तर मिळायचं नाही.

मग सुतळीनं माप घ्यायचा. पन्हळ म्हणजे काय, वळचणीखाली अडकवलेला पत्र्याचा लांब अर्धा नळ. कुणीही वाकवील. खरी गोम ढाळात. ढाळ कमी पडला तर पाणी तुंबून मागं भिंतीत मुरतं, आणि जास्त झाला तर टोकाला उडी मारून शेजाऱ्याच्या दारात जातं. हे लालासाब कुठल्या शाळेत शिकलेला नव्हता. त्याचा बाप दिलदार घासलेटचे डबे कापून चाळणी, चिमण्या, गाळणी करायचा. पोरगा त्याच्यापुढं गेला आणि पन्हळीत शिरला. बापाला शेवटपर्यंत त्याचं नवल वाटत होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. आत बायको हाफिजा शेगडी धगधगती ठेवायची आणि जोडाला कथलाचा डाग द्यायचं लोखंड तापवून हातात द्यायची. किती तापलं ते ती नुसत्या वासावरनं सांगायची. एकुलती एक लेक शहाजादी मुरगूडला दिलेली. दोघंच राहायची, आणि दिवसभर एकमेकांवर ओरडत मजेत काम करायची.

पन्हळ झाली, की लालासाब तिची दोन्ही टोकं मातीनं बुजवायचा, तिच्यात काठोकाठ पाणी भरायचा आणि खाली पेपर अंथरायचा. दुपारचं जेवण, पान, डुलकी, सगळं होईपर्यंत ती तशीच. उठून पेपर बघायचा. एवढासा जरी ओला ठिपका दिसला तरी सगळी जोडणी उलगडून परत. गिऱ्हाईक दारात तिष्ठत बसलंय, बाहेर धो धो पाऊस लागलाय, तरी परत. आणि पन्हळ चढवून झाली, की शिडीवरनंच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, “एक थेंब जरी गळला ना, तर मला लालासाब म्हणू नका, गळकासाब म्हणा!”

गर्व म्हणा तर गर्व. माणसाला एक तरी असावा. लालासाबला दुसरा नव्हता.

त्याच्या हातची सगळ्यात देखणी पन्हळ चिमणाबाईच्या घराला होती. अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात बसवलेली. चिमणाबाई तीन घरं सोडून राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, घर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचं, म्हणजे कच्च्या विटांचं. चटणी करून द्यायचा तिचा उद्योग होता. अर्ध्या पेठेची वर्षाची चटणी तिच्या हातची. मिरच्या भाजायच्या, मसाला भाजायचा, कुटायचं. सैपाकघराला दक्षिणेच्या अंगाला एकच खिडकी, मिरचीचा खकाणा तेवढ्यातनं बाहेर जायचा. त्या खिडकीबाहेर दीड हात रुंदीचा बोळ आणि बोळापलीकडं त्र्यंबकरावांचं आवार. छपरावरचं पाणी पागोळ्यांनी त्या बोळात पडायचं आणि शिंतोडे उडून उडून भिंतीचा पायथा उंदरानं कुरतडल्यासारखा झाला होता. भिंत पोटाला फुगली होती.

“लालासाब, आवंदा ही बसती बघा,” चिमणाबाई म्हणाली होती. “माज्या अंगावरच बसती.”

लालासाब पावसात दोन दिवस त्या बोळात उभा राहिला. आणि मग अशी पन्हळ केली, की बघत राहावं. सगळ्या दक्षिण बाजूचं पाणी उचललं, कोपऱ्यावरनं वळवलं आणि पुढच्या रस्त्याच्या गटारात सोडलं. बोळ कोरडा ठणठणीत झाला. भिंत वाळली, चिमणाबाईनं तिला मातीचा लेप दिला, वर चुना मारला. नंतरचे पाच पावसाळे ती तशीच उभी. लालासाब नमाजाला जाताना मुद्दाम त्या बाजूनं जायचा. मान वर करून पन्हळ बघायचा आणि पुढं जायचा. हाफिजाला हे माहीत होतं.

त्र्याहत्तरच्या आषाढात दोन-तीन दिवस उघडीप पडली होती. त्र्यंबकराव दुकानात आले. कचेरीत कारकून, गंभीर माणूस, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात म्हातारी आई, बायको, तीन मुली आणि सगळ्यांना मिळून गल्लीतला एक सार्वजनिक संडास. आईला आता तिथवर चालवत नव्हतं. मोरी-संडास घरालगत बांधायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. चांगलीच गोष्ट होती.

“लालासाब, तुमच्या हाताला तोड नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “पाच वर्षं बघतोय मी. चिमणाबाईंच्या पन्हळीतनं बोळात एक थेंब पडलेला नाही.”

लालासाबच्या हातातली कातर थांबली. “पडंल कसा? केलीय कुणी?”

“तेच म्हणतोय. रविवारी सकाळी तालमीत बसायचं ठरलंय, आकाराम वस्तादांपुढं. तुम्ही या आणि एवढंच सांगा. जास्त काही नको. खरं तेवढं सांगा.”

“सांगतो की! त्यात काय? छातीवर हात ठेवून सांगतो.”

त्र्यंबकराव गेले. कशासाठी बसायचंय, हे विचारायचं लालासाबला सुचलंच नाही. स्तुती ऐकली, की त्याचे कान तिथंच बंद व्हायचे. संध्याकाळपर्यंत शीळ घालत पत्रा कापत होता. हाफिजा म्हणाली, “आज काय मिळालंय एवढं?” तर हसला नुसता.

शनिवारी दुपारी चिमणाबाई आली. दारात बसली. बोलायला तिला वेळ लागला, आणि ही बाई तर एरवी हाक मारली तरी भांडल्यासारखी बोलायची.

“खिडकी जातीया माजी,” ती म्हणाली.

“कुठली खिडकी, आक्का?”

“मला किती खिडक्या हायत? त्र्यंबकराव बोळात भिंत घालालेत. माज्या भिंतीला लागून. खिडकी बुजती. मग मिरच्या कुठं भाजू? खकाण्यानं मरून जाईन की आत.”

“असं कसं घालतील? बोळ तुमचा न्हवं?”

“माजाच. पर कागूद कुठं हाय? सासऱ्याच्या सासऱ्यापास्नं रीतच हाय न्हवं, आपली पागोळी पडंल तितवर आपली जागा. आता त्ये म्हणतात, पाच वरसं झाली, तुमची पागोळी पडतीया कुठं? थेंब न्हाय बोळात. थेंब न्हाय तर जागा कशाची तुमची? आणि वस्ताद बी म्हणाले, रीत तशीच हाय, चिमणाबाई.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तुमास्नी बोल न्हाय लावत मी. पन्हळ लई झ्याक झाली. भिंत वाचली. पर पागोळी बंद केली की जागा जाती, ह्ये मला बी कळलं न्हाय आणि तुमास्नी बी.”

लालासाबनं हातातली कातर खाली ठेवली. पावसात उभा राहून हा माणूस पाण्याचं सगळं बघायचा. पाणी कुठनं येतंय, कुठं जाईल, कुणाच्या दारात जाऊ नये. पण ज्या जागेवर पडत होतं, तिथं ते चिमणाबाईची हद्द राखत बसलंय, हे काही त्याला दिसलं नव्हतं. एक थेंब गळला असता, एका जोडावर जरा कुठं डाग कमी पडला असता, तरी ती जागा शाबूत राहिली असती. त्याच्याच हातानं, त्याच्याच चोख हातानं, तिचा बोळ पुसून टाकला होता. आणि वर, उद्या जाऊन तेच छातीवर हात ठेवून सांगायचं त्यानं कबूल केलं होतं!

“त्र्यंबकराव वाईट न्हाईत,” चिमणाबाई उठता उठता म्हणाली. “त्यांची आई लई आजारी हाय. मी बी काय करू?”

त्या दिवशी लालासाबनं पुढं काम केलं नाही. हाफिजानं लोखंड तापवून दिलं, ते तसंच गार झालं.

“क्या हुआ जी?” तिनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. “जायलाच नको म्हणतो मी. ताप आलाय म्हणून सांग.”

“तुम्ही न्हाई गेला तर त्र्यंबकराव म्हणतील, लालासाब स्वतःच म्हणालाय, थेंब न्हाई. तेच धरतील सगळे.” हाफिजानं शेगडीवर राख ओढली. “गेलं काय, न्हाई गेलं काय, ते खरंच हाय न्हवं, न गळल्याचं?”

खरं होतं, तेच तर दुखणं होतं.

रविवारी सकाळी तालमीच्या पडवीत पंधरा-वीस माणसं जमली होती. आकाराम वस्ताद मधे बसले होते. कधीकाळचे नावाजलेले पैलवान. आता कान चुरगळलेले, गुडघे गेलेले, पण पेठेत भांडण झालं तर कोर्टाआधी माणसं त्यांच्याकडं यायची. तालमीचा हिशेब लिहिणारा पिराजी वही घेऊन शेजारी होता. चिमणाबाई बाहेर पायरीवर उभी.

त्र्यंबकरावांनी मुद्दा मांडला. चढा शब्द एकही नाही. आईची अडचण सांगितली, बोळ मोकळा पडलाय सांगितलं, चिमणाबाईंना भरपाई द्यायला तयार आहे असंही म्हणाले. “पागोळीची रीत आपण सगळेच मानतो,” ते शेवटी म्हणाले. “पागोळी नाही, तर हक्क नाही. आणि पागोळी नाही हे मी सांगत नाही. ज्यानं पन्हळ केली तो सांगेल.”

आकाराम वस्तादांनी मान वळवली. “लालासाब, इकडं या. तुमची पन्हळ. पाच पावसाळ्यात बोळात पाणी गळलंय काय तिच्यातनं? एक थेंब तरी?”

लालासाब उभा राहिला. सगळी पडवी आधीच हसऱ्या तोंडानं बसली होती. उत्तर काय येणार ते पोरासोरांना पाठ होतं. तीस वर्षं जे वाक्य न सांगता तोंडातनं बाहेर पडायचं, ते दातापर्यंत आलेलं त्यानं मागं ढकललं.

“गळतंय,” तो म्हणाला.

“आं?”

“गळतंय, वस्ताद. माझी पन्हळ गळती. मधल्या जोडाला. पयल्या वर्षापास्नं गळती.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागनं कुणीतरी फस्सकन हसलं. “म्हंजे गळकासाबच की!” आणि सगळी पडवी खदखदली. पिराजीच्या हातातनं टाक सुटला. लालासाब मान खाली घालून उभा होता, आणि कान तापून लाल झाले होते.

“लालासाब!” त्र्यंबकराव उठून उभे राहिले. “परवा तुम्ही मला काय म्हणालात? मी स्वतः पाच वर्षं...”

“बसा त्र्यंबकराव,” वस्ताद म्हणाले. ते हसले नव्हते. लालासाबच्या तोंडाकडं बराच वेळ बघत होते. “ह्या माणसाला मी ल्हानपणापास्नं ओळखतो. मान कापली तरी ‘माझी पन्हळ गळती’ असं ह्याच्या तोंडनं निघायचं न्हाय. आज निघालं. सगळ्यांदेखत निघालं. ह्याच्यापरास मोठा पुरावा मला तरी ठावं न्हाय. तुमास्नी ठावं असला तर सांगा.”

त्र्यंबकरावांनी पायरीकडं बघितलं, चिमणाबाईकडं. मग हळूच बसले.

“आणि संडास तुमच्या मागल्या अंगाला काढू,” वस्ताद म्हणाले. “तिथं तालमीची दोन हात जागा हाय. ती घ्या. म्हातारीचे हाल बघवत न्हाईत आमालाबी. लिव्ह पिराजी.”

पिराजीनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: लालासाब पत्रेवाले यांनी केलेली पन्हळ गळते, सबब पागोळी चालू आहे, सबब बोळ चिमणाबाईंचा. लालासाबनं खाली सही केली. शाळेत गेला होता तेवढीच, चार अक्षरं. आयुष्यात त्याचं नाव कागदावर असं एकदाच लिहिलं गेलं, तेही गळकी पन्हळ करणारा म्हणून.

पुढं पेठेत त्याला गळकासाब म्हणायची चाल पडलीच. त्या पावसाळ्यात निम्मी माणसं छत्री घेऊन त्याच्या दारात आली नाहीत, दुसरीकडं गेली. दोन-तीन वर्षांनी परत यायला लागली, पण आल्यावर आधी विचारायची, “गळणार न्हाई न्हवं?” आणि लालासाब ते ऐकून घ्यायचा. पूर्वीचा असता तर हाकलून दिलं असतं.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी तो तालमीतनं घरी आला आणि पडवीत बसला. हाफिजाला आधीच कळलं होतं. बातमीला त्याच्यापेक्षा चांगले पाय होते.

“झूट बोले तुमी,” ती म्हणाली. रागानं नाही. तपासून बघावं तसं.

“बोललो.”

“अल्लाला काय सांगणार?”

लालासाबनं बाहेर बघितलं. आभाळ भरून आलं होतं. बाहेर पत्र्यावर टपटप सुरू झाली, तसा तो उठला. मोठा खिळा घेतला, हातोडी घेतली, शिडी खांद्यावर टाकली.

“कुठं?” हाफिजानं विचारलं.

“खरं करून येतो,” तो म्हणाला.

चिमणाबाई चुलीपुढं होती. बोळात शिडी लागल्याचा आवाज आला, तशी ती पदर सावरत बाहेर आली. लालासाब वर चढला होता, मधल्या जोडापाशी. पाऊस लागला होता आणि पन्हळीतनं पाणी एका लयीत पुढं चाललं होतं. कुठं तुंबत नव्हतं, कुठं उसळत नव्हतं.

“काय करालायसा वो?” ती ओरडली.

“भोक पाडतोय.”

“याड लागलंय काय? बैठक झाली, लिवलं, सगळं झालं! कोण बघाय येतंय आता? ऱ्हाऊ द्या की चांगली पन्हळ!”

“मी सगळ्यांपुढं बोललोय, आक्का. बोललेलं खोटं कसं ठेवू? आणि अजून पाच वर्षांनी परत कोण येऊन विचारंल, तेव्हा मी असंन काय?” तो पन्हळीच्या बाहेरच्या कडेला खिळा धरून बघत होता. थेंब भिंतीवर नको, बोळाच्या पार पलीकडच्या काठाला पडायला हवा, म्हणजे दीडही हात तिचे. दोनदा जागा बदलली. वाईट काम करतानाही ह्याला माप चुकवता येत नव्हतं.

मग हातोडी उचलली. पहिला घाव बसला तो नुसता पोचा पडला. हात असा हलका पडलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. स्वतःचाच राग आला. “या अल्ला,” म्हणाला आणि दुसरा घाव जोरात घातला. खिळा आरपार गेला. त्यानं तो उपसून काढला.

भोकातनं पाण्याची बारीक धार सुटली, आणि त्याच क्षणी लालासाबचा अंगठा जाऊन भोकावर बसला. त्यानं नेला नव्हता. आपसूक गेला. पाणी थांबलं. हातोडी दुसऱ्या हातात, अंगठा पत्र्याला दाबलेला, आणि वरनं पाऊस. लालासाब शिडीवर तसाच उभा राहिला. त्याला तो अंगठा काढता येईना.

खाली चिमणाबाई शिडी घट्ट धरून उभी होती. ती वर बघत होती. बऱ्याच वेळानं तिला काय झालंय ते कळलं.

“लालासाब,” ती हाक मारून म्हणाली. तिचा आवाज एरवीसारखा नव्हता. “सोडा की वो बोट.”

लालासाबनं डोळे मिटले आणि बोट सोडलं.